होहोबाला पाणी लागत नाही, हे आलं कुठून?

शुष्क प्रदेशातल्या पिकांवर वाचायला लागलात की होहोबा भेटतोच (लिहिताना आपल्याकडे ‘जोजोबा’). सोनोरा वाळवंटातलं हे झुडूप, म्हणजे अ‍ॅरिझोना, दक्षिण कॅलिफोर्निया आणि लगतचा मेक्सिको. शास्त्रीय नावात मात्र ‘चायनेन्सिस’! 1822 मध्ये लिंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव देताना चिठ्ठीवरचं ‘कॅलिफ’ चीन असं वाचलं, असं सांगतात.

बियांमध्ये साधारण निम्मं ‘तेल’ असतं. ते खरं तर द्रवरूप मेण आहे, हे अ‍ॅरिझोना विद्यापीठात 1933 मध्ये कळलं. तेव्हा त्याची कोणाला गरज नव्हती, कारण तसंच तेल स्पर्म व्हेलपासून मिळत होतं. 1970 मध्ये अमेरिकेने हा व्हेल संकटग्रस्त यादीत टाकला, आयात थांबली आणि होहोबाचे दिवस पालटले. सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात हजारो एकर लागवड झाली. ‘वाळवंटातलं झाड, पाणी नको’ या भरवशावर अनेकांनी पैसे गुंतवले.

घोळ इथेच झाला. पाण्याविना झाड जगतं हे खरंच. खोल मुळं, जाड मेणचट पानं. पण जगणं आणि पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुलांच्या कळ्या नव्या फुटव्याच्या पेरांवर धरतात. उन्हाळ्यात ताण बसला की फुटवा आखूड, पेरं कमी, म्हणजे पुढच्या हंगामाच्या कळ्याच कमी. शिवाय बियांपासून लावलेल्या बागेत जवळपास निम्मी झाडं नर. ती ओळखायला तीन-चार वर्षं जातात आणि तोवर निम्मं पाणी फळ न देणाऱ्या झाडांना! (कलमं वापरायचं एक कारण हेही.)

मग भरपूर पाणी द्यायचं का? तेही नाही. शरद ऋतूत पाणी तोडलं तर झाड कणखर होतं आणि थंडीचा कडाका सोसतं. तेव्हा पाणी चालूच ठेवलं तर कोवळी वाढ गारठून जाते. आपले संत्रा-डाळिंबवाले बहारासाठी ताण देतात, त्याची आठवण होते. हेतू मात्र वेगळा. हिवाळा सरताना कळ्या उमलायला आणि पुढे दाणा भरायला पुन्हा ओल लागतेच.

म्हणून ‘मर्यादित सिंचन’ असं शीर्षक असलेला पेपर हातात आला की एकूण किती मिलिमीटर पाणी दिलं एवढंच बघू नका. कधी दिलं आणि मोजलं काय, हे आधी शोधा: जिवंत झाडं, फुटव्याची लांबी, की बियांचं वजन? एकाच वर्षाचं उत्पादन मोजलं असेल तर माझा तरी त्यावर फारसा विश्वास बसत नाही, कारण यंदाच्या ताणाचा हिशेब पुढच्या वर्षी लागतो.

आपल्याकडे जोधपूरच्या काझरीत होहोबा 1960च्या दशकातच आला. पण 1990च्या दशकात राजस्थानात इस्राएलच्या मदतीने लागवड सुरू झाली, ती ठिबकवर.