कुत्र्यांचा आहार : घरगुती अन्न आणि तयार खाद्य

पाळीव कुत्र्याला दिल्या जाणाऱ्या अन्नाचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात : घरी शिजवलेले अन्न आणि कारखान्यात तयार होऊन पाकिटातून विकले जाणारे खाद्य. पुणे जिल्ह्यातील इंदापूर व बारामती तालुक्यांत, विशेषतः भिगवणसारख्या महामार्गावरील बाजारपेठेच्या गावांत, हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आढळतात. वस्तीवरील राखणीच्या कुत्र्याला भाकरी व दूध मिळते, तर बंगल्यातील लॅब्राडोरला पाकिटातील दाणे. अनेक घरांत तयार खाद्याला, ते कोणत्याही कंपनीचे असले तरी, सरसकट ‘पेडिग्री’ म्हटले जाते.

पार्श्वभूमी

कुत्रा हा लांडग्याचा वंशज असला तरी माणसाच्या सहवासात त्याची पचनशक्ती बदलली. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ अधिक असतात, हे २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. त्यामुळे शिजवलेली भाकरी किंवा भात कुत्र्याला पचत नाही, हा समज बरोबर नाही. दख्खनच्या पठारावरील कारवान किंवा मुधोळ जातीची शिकारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या धान्य व दुधावर पोसली गेली आहेत. अर्थात, मोकळ्या रानात हिंडणारे कुत्रे उंदीर, घुशी, ससे असे भक्ष्य स्वतः मिळवून आहारातील उणीव काही अंशी भरून काढते. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला ही सोय नसते. ‘आमच्या आजोबांची कुत्री भाकरीवरच जगली’ असे म्हणताना हा फरक बहुधा विसरला जातो.

तयार खाद्याचा आरंभ इंग्लंडमध्ये १८६० च्या सुमारास झाला. जेम्स स्प्रॅट या अमेरिकी व्यावसायिकाने लंडन येथे कुत्र्यांसाठी बिस्किटे विकण्यास सुरुवात केली. पिठाचे मिश्रण उष्णता व दाबाखाली साच्यातून काढून फुगवलेले दाणे मात्र १९५० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाले.

भाकरी-दुधाचा हिशेब

सुमारे २० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १००० किलोकॅलरी ऊर्जा लागते. २०० ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी आणि पाव लिटर म्हशीचे दूध यांतून ती पूर्ण मिळते. कुत्र्याचे पोट भरते व वजनही टिकते. या आहारात प्रथिने सुमारे ३४ ग्रॅम, कॅल्शियम सुमारे ६०० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारे ९०० मिलिग्रॅम असते. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने प्रौढ कुत्र्यासाठी ठरवलेले किमान प्रमाण दर १००० किलोकॅलरीमागे प्रथिने ४५ ग्रॅम, कॅल्शियम १२५० मिलिग्रॅम व फॉस्फरस १००० मिलिग्रॅम असे आहे. म्हणजे प्रथिने तीन-चतुर्थांश आणि कॅल्शियम जेमतेम निम्मे भरते.

याहून गंभीर बाब गुणोत्तराची आहे. कॅल्शियम हे फॉस्फरसइतके किंवा त्याच्या दुपटीपर्यंत असावे लागते. येथे ते फॉस्फरसपेक्षा कमी पडते. रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी शरीर मग ते हाडांतून काढून घेते. प्रौढ कुत्र्यात ही झीज दीर्घकाळ लक्षात येत नाही. वाढत्या पिल्लाचे पाय मात्र वाकतात, ते लंगडते, आणि किरकोळ उडीनेही हाड मोडू शकते. बाजरीतील फायटेटमुळे जस्ताचे शोषणही घटते व त्वचेच्या तक्रारी उद्भवू शकतात. काही प्रौढ कुत्र्यांना दुधातील शर्करा पचत नाही व हगवण लागते. त्यांना दही किंवा ताक अधिक मानवते.

वरील आहारात १०० ग्रॅम उकडलेला, काटे काढलेला मासा किंवा हाडाविना कोंबडीचे मांस घातल्यास प्रथिनांची उणीव भरते. अंड्याचे कवच उकळून, वाळवून, बारीक दळल्यास त्याची सुमारे अडीच ग्रॅम पूड, म्हणजे साधारण अर्धा चमचा, जवळपास १ ग्रॅम कॅल्शियम देते. तरीही जस्त, तांबे, आयोडीन, ‘ड’ व ‘ई’ जीवनसत्त्वे यांचा प्रश्न उरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये पुस्तके व संकेतस्थळांवरील २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य अपुरे आढळले. त्यांतील काही पाककृती पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या, हे विशेष.

उजनीची मासळी

भीमा नदीवरील उजनी धरणाच्या जलाशयामुळे भिगवण येथे गोड्या पाण्यातील मासळीचा मोठा बाजार भरतो. रोहू, कटला, मरळ, चिलापी असे मासे येथे सहज मिळतात आणि कुत्र्यासाठी उत्तम प्रथिनांचा हा जवळचा स्रोत आहे. मात्र कच्चा मासा किंवा मासे साफ करताना निघालेली घाण तशीच टाकू नये. सायप्रिनस व त्याच्या कुळातील काही माशांत थायमिनेज हे विकर असते. ते ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करते आणि असे खाणे सतत चालू राहिल्यास तोल जाणे, झटके येणे अशी लक्षणे दिसतात. शिजवल्याने हे विकर निष्क्रिय होते व परजीवीही मरतात. काटे मात्र शिजवूनही घशात वा आतड्यात रुततात.

वर्ज्य पदार्थ

घरगुती अन्नाचा खरा धोका पुष्कळदा ‘उरलेल्या’ अन्नात असतो. कांदा व लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा अपायकारक ठरतो, आणि थोडा थोडा रोज पोटात गेल्यासही पांडुरोग होऊ शकतो. शिजवल्याने हा दोष जात नाही. खंडोबा कुलदैवत असलेल्या घरांत चंपाषष्ठीला कुत्र्याला घास देण्याची रीत आहे. भरीत व कांद्याची पात वगळून साधा रोडगा दिला, तर रीतही पाळली जाते आणि कुत्र्यालाही बाधा होत नाही. द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट व झायलिटॉल घातलेले पदार्थ पूर्णतः वर्ज्य होत. शिजवलेली हाडे फुटून टोकदार होतात. बुरशी आलेली भाकरी वा धान्य ‘कुत्र्याला चालते’ म्हणून टाकले जाते, परंतु त्यातील अफ्लाटॉक्सिन यकृत निकामी करते.

तयार खाद्य

चांगल्या तयार खाद्यात सर्व पोषकद्रव्ये ठरावीक प्रमाणात असतात. हाच त्याचा मुख्य गुण. भारतीय मानक ब्यूरोनेही कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आय. एस. ११९६८ हे मानक निश्चित केले आहे. वेष्टनावर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असे लिहिलेले असावे आणि ते कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी आहे हेही पाहावे. ‘पूरक’ असे लिहिलेले खाद्य वा बिस्किटे हे जेवण नव्हे. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम म्हणजे महिन्याला ९ किलो दाणे लागतात. हा खर्च प्रत्येक कुटुंबाला झेपतोच असे नाही. पोते फोडून विकलेले सुटे खाद्य स्वस्त पडते, परंतु त्यातील स्निग्धांश खवट होतो आणि वेष्टनावरील मुदतही कळत नाही. दाण्यांत पाण्याचा अंश अल्प असल्याने शेजारी स्वच्छ पाणी हवेच.

कारखान्यातील खाद्य निर्दोषच असते असेही नाही. २००७ मध्ये मेलामाइनची भेसळ असलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमुळे उत्तर अमेरिकेत अनेक कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली व मोठ्या प्रमाणावर माल परत घ्यावा लागला.

पिले आणि बदल

पिल्लांना प्रौढांपेक्षा अधिक प्रथिने व कॅल्शियम लागते, म्हणून वाढीच्या काळात अंदाजाने केलेला घरगुती आहार सर्वांत जोखमीचा. या काळात तरी पिल्लांसाठीचे तयार खाद्य किंवा पशुवैद्याने आखून दिलेला आहार देणे श्रेयस्कर. उलटपक्षी, संतुलित खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचे औषध पाजणे जर्मन शेफर्ड वा ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांत हाडांची विकृती निर्माण करते. दोन्ही प्रकार मिसळून देता येतात. मात्र घरचे अन्न एकूण ऊर्जेच्या दशांशाहून वाढल्यास खाद्याचा समतोल ढळू लागतो. एका आहारावरून दुसऱ्यावर जाताना ७ ते १० दिवसांत हळूहळू प्रमाण बदलावे. मूत्रपिंड, यकृत किंवा स्वादुपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्याचा आहार पशुवैद्यानेच ठरवावा. त्यासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याखेरीज सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हे या भागाला सोयीचे आहे.