वाचकाचें नांव कोठें लिहावें?

ग्रंथालयाच्या टेबलाशीं बसलेल्या ग्रंथपालाला दिवसभर दोनच प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात. हवें असलेलें पुस्तक कोठें आहे, हा पहिला प्रश्न. आणि बाहेर गेलेलें पुस्तक कोणाकडे आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नापायीं ग्रंथसूची निर्माण झाल्या, वर्गीकरणाच्या पद्धति निघाल्या आणि त्यांचा इतिहासहि पुष्कळांनीं लिहिला. दुसरा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. वाचकांच्या नांवांची वही ही एक किरकोळ कारकुनी बाब समजली गेली. वास्तविक ग्रंथ आणि माणूस यांचा संबंध प्रत्यक्ष नमूद होतो तो याच वहींत. गेल्या सव्वाशे वर्षांत ही वही टेबलावरून पेटींत गेली, पेटींतून संगणकांत गेली आणि अखेर संस्थेच्या मध्यवर्ती नोंदवहीशीं जोडली गेली. या प्रवासांत सोय वाढत गेली, यांत शंका नाहीं. पण वाचकाविषयीं ग्रंथालयानें किती जाणावें आणि किती विसरावें, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर नवें रूप घेऊन उभा राहिला.

आरंभीं जाड खतावणी असे. प्रत्येक सभासदाला एक पान. त्यावर नेलेल्या पुस्तकांचीं नांवें, तारखा आणि पुस्तक परत आल्यावर मारलेली काट. पुस्तक परत आलें तरी ओळ राहीच, आणि काट मारलेली असली तरी ती वाचतां येई. सभासद शेकड्यांनीं वाढले तेव्हां पान शोधण्यांतच वेळ जाऊं लागला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेंतील नीना ब्राउन या ग्रंथपाल बाईंनीं यावर एक साधी युक्ति काढली. वाचकाजवळ त्याच्या नांवाचें खिशासारखें तिकीट असावें, पुस्तकांत त्या पुस्तकाचें कार्ड असावें आणि पुस्तक देतांना कार्ड तिकिटांत घालून ती जोडी परतीच्या तारखेप्रमाणें पेटींत लावावी. पुस्तक परत आलें कीं जोडी सुटे. कार्ड पुस्तकांत जाई आणि तिकीट वाचकाच्या हातीं येई. भारतांतील अनेक ग्रंथालयांत ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतहि चालू होती, आणि त्या तिकिटांचा स्पर्श अजून पुष्कळांच्या आठवणींत असेल.

या पद्धतीचा एक गुण तिच्या सोपेपणाच्या आड लपून राहिला. जोडी सुटल्यावर कोणी काय वाचलें याचा मागमूसहि उरत नसे. अमेरिकेंतील नेवार्क शहराच्या नांवानें ओळखली जाणारी दुसरी पद्धत याच काळांत प्रसार पावली. तींत पुस्तकाच्या कार्डावर वाचकाचा क्रमांक लिहिला जाई आणि तें कार्ड भरून जाईपर्यंत मागच्या सर्व वाचकांचे क्रमांक त्यावर दिसत. फाटलेलें पान कोणाच्या हातून फाटलें हें शोधावयास ती सोयीची होती. एका पद्धतीला विसरण्याची संवय होती, दुसरीला आठवण ठेवण्याची. त्या काळीं या फरकाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें संगणक आला तेव्हां त्याचें महत्त्व कळलें.

१९६० नंतर अमेरिका व युरोप येथील मोठ्या ग्रंथालयांनीं देवघेवीच्या कामांत संगणक आणला आणि १९७० नंतर पुस्तकावर व सभासदपत्रावर बारकोडाच्या उभ्या रेघा आल्या. खतावणीचें काम यंत्राकडे गेलें. पण खतावणी ग्रंथालयाची स्वतःचीच राहिली. विद्यापीठासारख्या संस्थेंत यामुळें एक विचित्र स्थिति उत्पन्न झाली. प्रवेश कचेरीजवळ विद्यार्थ्यांची एक यादी, फी घेणाऱ्या कचेरीजवळ दुसरी, वसतिगृहाजवळ तिसरी, संगणक-केंद्राजवळ चौथी आणि ग्रंथालयाजवळ पांचवी. एकाच मुलीचें नांव एका यादींत वडिलांच्या आडनांवानें, दुसरींत लग्नानंतरच्या आडनांवानें, आणि तिसरींत एका अक्षराची चूक होऊन तिसऱ्याच रूपानें पडलेलें असे. दरवर्षीं जून महिन्यांत प्रवेश कचेरीची यादी आणून ग्रंथालयाच्या संगणकांत ओतावी आणि दुसऱ्याच दिवशीं ती शिळी व्हावी, हा क्रम ठरून गेला. संस्था सोडून गेलेले लोक ग्रंथालयाच्या यादींत वर्षानुवर्षें नांदत आणि नुकतेच आलेले लोक दाराशीं ताटकळत.

याला उपाय म्हणून संस्थेची एकच मध्यवर्ती नोंदवही असावी आणि इतर सर्व विभागांनीं तिलाच विचारावें, ही कल्पना पुढें आली. तिचा उगम ग्रंथालयांत झाला नाहीं. टेलिफोन व तार यांचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानें १९८८ मध्यें एक्स-५०० नांवाचें निर्देशिकेचें मानक प्रसिद्ध केलें. माणसांचीं नांवें एखाद्या वंशवृक्षाप्रमाणें देश, संस्था, विभाग आणि व्यक्ति अशा फांद्यांवर मांडावीं, असा तिचा घाट होता. घाट उत्तम, पण पसारा अवजड. त्या काळचे टेबलावरचे लहान संगणक त्या भाराखालीं दबून जात. तेव्हां मिशिगन विद्यापीठांतील टिम हाउझ यांनीं स्टीव्ह किल व वेंगयिक योंग यांच्या साह्यानें त्याच वृक्षापर्यंत पोंचण्याची एक हलकी पायवाट आंखली. तिचें पहिलें विवरण १९९३ मध्यें प्रसिद्ध झालें. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एलडॅप म्हणतात. १९९७ मध्यें तिची तिसरी आवृत्ति निघाली, आणि २००० सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें अॅक्टिव्ह डिरेक्टरी या नांवाची आपली निर्देशिका बाजारांत आणली तेव्हां कचेऱ्या, कारखाने व महाविद्यालयें यांत अशी मध्यवर्ती वही ही सर्वसामान्य गोष्ट झाली.

त्याच सुमारास न्यूझीलंडमध्यें एक लहानशी पण दूरगामी घटना घडली. लेव्हिन या गांवच्या परिसरांतील होरोव्हेनुआ ग्रंथालय संस्थेची जुनी संगणकप्रणाली २००० सालच्या तारखा समजूं शकणार नव्हती. नवी विकत घेण्याऐवजीं तिनें कटिपो कम्युनिकेशन्स या मंडळीकडून १९९९ मध्यें एक प्रणाली तयार करवून घेतली आणि ३ जानेवारी २००० रोजीं ती कामास लावली. एवढ्यावर न थांबतां तिनें ती सर्व जगाला मोकळी करून दिली. ज्याला हवी त्यानें घ्यावी, पाहावी, बदलावी. तिचें नांव ‘कोहा’. माओरी भाषेंत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. एका गांवच्या वाचकांसाठीं झालेली ही प्रणाली पुढें देशोदेशींच्या विद्यापीठांनीं उचलली. भारतांतहि अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती नांदते आहे. गांवच्या ग्रंथालयाला स्वतःची सभासदवही पुरत होती. विद्यापीठाला ती पुरेना, म्हणून कोहाला मध्यवर्ती नोंदवहीशीं जोडण्याची सोय करण्यांत आली.

जोडणीची ही क्रिया ऐकावयास गूढ, पण समजावयास सोपी आहे. वाचक आपलें नांव व पासवर्ड देतो. ग्रंथालयाची प्रणाली तीं घेऊन मध्यवर्ती सर्व्हरच्या दाराशीं जाते आणि त्या वाचकाच्या नांवानें प्रवेश मागते. दार उघडलें तर वाचक खरा. नाहीं तर नाहीं. पासवर्ड जपण्याची जबाबदारी ग्रंथालयावर राहत नाहीं. यापुढें प्रणालीला आणखी दोन आज्ञा देतां येतात. मध्यवर्ती वहींत असलेला पण ग्रंथालयाच्या वहींत नसलेला माणूस प्रथमच आला, तर त्याचें पान तत्काळ उघडावें, ही एक. जुन्या सभासदाचें नांव, पत्ता किंवा विभाग मध्यवर्ती वहींत बदलला असेल, तर तो ग्रंथालयांतहि बदलावा, ही दुसरी. कोणत्या रकान्यांतील मजकूर कोणत्या रकान्यांत उतरावा, याचा तक्ता मात्र ग्रंथपालालाच ठरवून द्यावा लागतो, कारण विद्यार्थ्याला पुस्तकें किती दिवस आणि प्राध्यापकाला किती, हें संस्थेच्या वहीला ठाऊक नसतें.

म्हणूनच जोडणी झाली तरी ग्रंथालयाची स्वतःची वही नाहींशी होत नाहीं. निवृत्त झालेले शिक्षक, गांवांतील अभ्यासक, दुसऱ्या संस्थेचे पाहुणे यांचें नांव मध्यवर्ती वहींत नसतें; पण ग्रंथालयाचा उंबरठा त्यांनाहि मोकळा ठेवावा लागतो. त्यांच्यासाठीं ग्रंथालयाच्या वहींतच नांव व पासवर्ड ठेवण्याची जुनी रीत जोडणीबरोबर चालू ठेवणें भाग पडतें. उलट बाजूनें पाहिलें तर संस्था सोडतांच माणसाचें नांव मध्यवर्ती वहींतून एका दिवसांत पुसलें जाऊं शकतें. ग्रंथालयाला मात्र त्याच्याकडचीं पुस्तकें परत येईपर्यंत त्याला विसरतां येत नाहीं. ज्या संस्थांनीं हा भेद न ओळखतां दोन्ही वह्या एकच करण्याचा हट्ट धरला, त्यांना बाहेरचा वाचक किंवा बाहेर राहिलेलें पुस्तक, यांपैकीं एक तरी गमवावें लागतें.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. वाचकाचें नांव एकदां संस्थेच्या वहीशीं जोडलें कीं त्याचा पगार, त्याचे गुण, त्याचा पत्ता आणि त्याचें वाचन हीं सर्व एकाच सूत्रांत ओंवलीं जाण्याचा संभव उत्पन्न होतो. अमेरिकेंतील ग्रंथालय संघानें दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरच आपल्या नीतिनियमांत वाचकाविषयींची खाजगी माहिती गुप्त राखणें हें ग्रंथपालाचें कर्तव्य म्हणून नमूद केलें होतें. त्या नियमाची कसोटी २००५ सालीं लागली. कनेटिकट राज्यांतील अनेक ग्रंथालयांची सामाईक संगणकप्रणाली चालविणाऱ्या संघाकडे सरकारी तपास खात्याचें एक पत्र आलें. एका संगणकाच्या वापराविषयींची माहिती त्यांत मागितली होती आणि पत्र आल्याचें कोणासहि सांगण्यास बंदी होती. संघाच्या संचालकांनीं व तीन पदाधिकाऱ्यांनीं न्यायालयाचें दार ठोठावलें. ज्या कायद्याच्या जोरावर तें पत्र आलें होतें, त्याच्या नूतनीकरणाची चर्चा वॉशिंग्टनमध्यें चालू असतां त्या चौघांना मूग गिळून बसावें लागलें. नूतनीकरण मार्च २००६ मध्यें झालें. त्यानंतर त्यांच्या तोंडावरील बंदी उठली आणि पुढें मूळ मागणीहि मागें घेण्यांत आली. एका गांवाची वही एका कपाटांत असते; अनेक गांवांची वही एका यंत्रांत आली कीं तें यंत्र किती जणांच्या डोळ्यांत भरतें, हें त्या प्रसंगानें दाखवून दिलें.

सुदैवानें नांव पटविणें आणि नांव सांगणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें संगणकशास्त्रज्ञांनीं वेळींच ओळखलें. अमेरिकेंतील विद्यापीठांच्या सहकार्यांतून २००३ मध्यें शिबोलेथ या प्रणालीची पहिली आवृत्ति निघाली. हें नांव बायबलांतील एका कथेवरून घेतलें आहे. यार्देन नदीच्या उतारावर पळून जाणाऱ्या शत्रूला हा शब्द उच्चारावयास लावीत. ज्याला नीट उच्चारतां येत नसे तो ओळखला जाई आणि प्राणास मुके. माणसाला उघड पाडणारा तो शब्द आज एका सौम्य कार्याला लागला आहे. परगांवच्या ज्ञानभांडाराच्या दाराशीं वाचक आला कीं त्याची संस्था एवढेंच कळवूं शकते कीं हा आमचा सभासद आहे. त्याचें नांव सांगण्याची गरज राहत नाहीं. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट या केंद्रानें भारतांतील विद्यापीठांसाठीं उभारलेली प्रवेशव्यवस्थाहि याच पायावर आहे.

कोहामध्येंहि अशीच एक तजवीज आहे. ग्रंथालयानें मुभा दिली असेल तर परत केलेल्या पुस्तकांची नोंद कायम ठेवावी, ठराविक मुदतीपर्यंत ठेवावी कीं पुस्तक परत येतांच तींतून आपलें नांव काढावें, हें वाचकाला स्वतः ठरवितां येतें. नांव काढलें म्हणजे त्या नोंदींत एका निनांवी सभासदाचा क्रमांक बसतो. पुस्तक गेलें आणि आलें, एवढेंच मागें उरतें.

नीना ब्राउन यांच्या पेटींत हेंच काम कोणी न सांगतां आपोआप होत असे. कार्ड पुस्तकांत गेलें, तिकीट हातीं आलें, कीं ग्रंथालय विसरून जाई. यंत्राला विसरण्याची संवय जन्मतः नसते. ती लावावी लागते, आणि लावावी कीं नाहीं हें जोडणीच्या दिवशीं ग्रंथपालानें ठरवावयाचें असतें. दाराशीं माणूस ओळखण्यापुरती संस्थेची वही जरूर विचारावी. पण त्यानें आंत बसून काय वाचलें, हें त्या वहीला कळविण्याचें कांहीं कारण नाहीं.