खार जमिनीतील सेंद्रिय भातशेती, नवी मुंबई परिसरातील

ठाणे व पनवेल खाड्यांच्या काठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत रासायनिक खतांवाचून होणारी परंपरागत भातशेती. पूर्वीच्या ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांत ती पसरलेली होती. ‘सेंद्रिय शेती’ ही संज्ञा विसाव्या शतकात रूढ झाली. ही पद्धती तिच्याहून पुष्कळ जुनी आहे.

बांधांची व्यवस्था : खाजणास मातीचे बांध घालून व पाण्याच्या निचऱ्यासाठी उघाड्या ठेवून ही जमीन तयार केली जाई. मराठा अमदानीत खाजण लागवडीस आणणाऱ्यांना काही वर्षे साऱ्याची सूट देणारे कौल मिळत. कुलाबा (सध्याचा रायगड) जिल्ह्यात, विशेषतः पेण भागात, शिलोत्री पद्धती होती. तीत बाहेरील बांधाची निगा शिलोत्रीदार राखी व त्यापोटी कुळे त्याला धान्य देत. बांध एका ठिकाणी फुटला, तरी अनेकांची शेते खारी होत. म्हणून ही शेती मूलतः सामुदायिक होती. आगरी व कोळी समाजांची उपजीविका भात, मीठ व मासे यांवर अवलंबून असे.

लागवड : पावसाने मातीतील क्षार धुऊन गेल्यावर भिजवून मोड आणलेले बी चिखलात फेकीत. या पेरणीस ‘रहू’ म्हणतात. गाळामुळे जमीन सुपीक राही; तिला नांगरट व खत यांची फारशी गरज नसल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटिअरांत आढळते. मात्र पावसात मोठा खंड पडल्यास क्षार पृष्ठभागावर येऊन पीक करपते. काळा राता व भुरा राता या तांबड्या भाताच्या जाती क्षार सहन करणाऱ्या आहेत. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पुढे पनवेल १, २ व ३ या सुधारित जाती विकसित केल्या.

लगतच्या गोड्या जमिनीत रोपांच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा व फांद्या जाळून ‘राब’ करीत. त्यासाठी जंगलातील टहाळ तोडण्यावर निर्बंध आल्याने असंतोष माजला. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे हा प्रश्न प्रामुख्याने होता. राबामुळे तण व कीड कमी होत असली, तरी त्यात सेंद्रिय द्रव्य जळून जाते, हा तिचा दोष होय.

ऱ्हास : जमीनधारणेतील बदलांबरोबर बांधांची जुनी जबाबदारी विस्कळीत झाली. मुंबई खार जमीन अधिनियम, १९४८ व महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम, १९७९ यांनी शासनाने ती पत्करली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या परिसरात भूसंपादन सुरू झाले. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे संपादित जमिनीच्या १२·५ टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना अमलात आली. परंतु भूखंड मिळाला, तरी शेती परत आली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्‌घाटन झालेला विमानतळही पनवेल खाडीलगतच्या अशाच सखल भूमीवर भराव घालून उभारलेला आहे.

सेंद्रिय अन्न व त्याचे लाभ : सेंद्रिय अन्नात कीटकनाशकांचे अवशेष सामान्यतः कमी असतात. पोषणमूल्य निश्चितपणे अधिक असते, असे मात्र सरसकट सिद्ध झालेले नाही. कोंडा राखलेल्या तांबड्या तांदळात तंतुमय पदार्थ अधिक असतात; हा गुण भाताची जात व सडण्याची रीत यांवर अवलंबून असतो. मातीतील सेंद्रिय द्रव्य टिकणे व पाण्याचे प्रदूषण टळणे, हे लाभ अधिक व्यापक होत. २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकावयाच्या अन्नास सामान्यतः प्रमाणीकरण आवश्यक ठरले.

ठाणे-बेलापूर पट्टा व तळोजे येथील औद्योगिकीकरणानंतर खाडीत सांडपाणी मिसळू लागले. पूर्वी खताचे काम करणारा गाळच त्यामुळे संशयास्पद झाला. केवळ रासायनिक खत न घातल्याने अन्न शुद्ध ठरत नाही. त्यासाठी पाणी, माती व बांध यांची सामुदायिक निगा आवश्यक असते, हे या परिसराच्या इतिहासावरून स्पष्ट होते.