ॲट्रोपीन आणि ग्राहीकल्पनेचा उगम

औषधाचे कार्य शरीरात नेमके कोणत्या स्थळी घडते, हा औषधिविज्ञानातील मूलभूत प्रश्न होय. त्याचे आज सर्वमान्य झालेले उत्तर ज्या द्रव्यांच्या अभ्यासातून निष्पन्न झाले, त्यांत ॲट्रोपिनाचे स्थान अग्रगण्य आहे. बेलाडोना ह्या वनस्पतीतील हे अल्कलॉइड आपल्या परिचयाच्या धोत्र्यातही असते. डोळ्याची बाहुली विस्फारणे, तोंडास कोरड पडणे, नाडी जलद होणे ही त्याची लक्षणे पूर्वीपासून ज्ञात होती. परंतु त्यांच्या मुळाशी एकच कारण असावे काय, हे उमगलेले नव्हते.

१८६९ मध्ये श्मीडेबर्ग व कोप्पे ह्यांनी भूछत्रातील मस्करीन ह्या विषाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मस्करिनाने थांबलेले बेडकाचे हृदय ॲट्रोपिनाने पुन्हा चालू होते, असे त्यांत दिसून आले. १८७८ मध्ये केंब्रिज येथील लँगली ह्याने मांजराच्या लालापिंडांवर प्रयोग केले. पायलोकार्पिनाने लाळ स्रवे, ॲट्रोपिनाने ती थांबे व पायलोकार्पिनाची मात्रा वाढविताच पुन्हा सुरू होई. दोन्ही द्रव्ये मज्जातंतूंच्या अग्रांतील अथवा पेशींतील एखाद्या पदार्थाशी संयोग पावत असून, कोणाची सरशी होईल हे त्यांच्या परिमाणावर व आकर्षणशक्तीवर अवलंबून असते, असा तर्क त्याने केला. १९०५ मध्ये स्नायूंवरील निकोटीन व क्युरारी ह्यांच्या प्रयोगांवरून त्याने त्या पदार्थास ‘ग्रहणशील द्रव्य’ असे नाव दिले. आजच्या ग्राहीकल्पनेचे बीज ते हेच.

पुढे १९१४ मध्ये डेल ह्याने ॲसिटिलकोलिनाची कार्ये मस्करीनसदृश व निकोटीनसदृश अशा दोन वर्गांत विभागली. त्यांपैकी पहिल्याच वर्गास ॲट्रोपीन अवरोध करते. १९२१ मध्ये लोवी ह्याने बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने मज्जातंतू रासायनिक द्रव्याच्या द्वारे संदेश देतात हे दाखविले. ते द्रव्य ॲसिटिलकोलीनच असल्याचे पुढे निश्चित झाले. लँगलीने तर्काने मानलेला पदार्थ प्रत्यक्षात प्रथिन ठरला. मस्करिनी ग्राहींचे पाच प्रकार असून, त्यांपैकी दोहोंची त्रिमितीय रचना २०१२ मध्ये उलगडली.

हा इतिहास केवळ ग्रंथगत नव्हे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲसिटिलकोलिनाचे विघटन खुंटते व ते शरीरात साचते. श्वासनलिका स्रावांनी भरतात व आकुंचन पावतात, नाडी मंदावते. अशा वेळी ॲट्रोपीन प्राणरक्षक ठरते. छातीतील घरघर थांबून नाडी व रक्तदाब सावरेपर्यंत ते वाढत्या मात्रेने द्यावे लागते; कारण लँगलीने पाहिलेली परिमाणाची चढाओढ येथेही चाललेली असते. तथापि श्वसनाच्या स्नायूंचे दौर्बल्य निकोटिनी ग्राहींमुळे उद्भवते व त्यावर ॲट्रोपिनाचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून स्राव आटले तरी रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवावे लागते व प्रसंगी कृत्रिम श्वसन द्यावे लागते. डेलच्या वर्गीकरणाचे महत्त्व रुग्णशय्येजवळ अशा रीतीने प्रत्ययास येते.