सूक्ष्मवाहिन्यांचा सांधा

केसाएवढ्या रुंदीच्या वाहिन्यांतून द्रव किंवा वायू अत्यल्प प्रमाणात खेळवून त्याचे पृथक्करण करणाऱ्या उपकरणांच्या शास्त्राला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. त्याचा इतिहास बहुधा सिलिकॉन, काच, रबर, प्लास्टिक अशा पदार्थांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु कोरलेली वाहिनी झाकण बसेपर्यंत नुसती खाच असते, आणि ते झाकण न गळता बसवायचे कसे, या प्रश्नाच्या उत्तरांनीच कोणता पदार्थ चालेल हे वेळोवेळी ठरवले.

स्टॅनफर्ड विद्यापीठात टेरी, जेर्मन आणि एंजेल यांनी 1979 मध्ये वर्णिलेला वायुपृथक्करण यंत्राचा नमुना सुमारे 5 सेंटिमीटर व्यासाच्या सिलिकॉन चकतीवर होता. तिच्यात दीड मीटर लांबीची सर्पिल वाहिनी कोरून वर काच बसवली होती, ती वॉलिस आणि पोमेरँट्झ यांनी 1969 मध्ये मांडलेल्या ॲनोडिक जोडणीने. या पद्धतीत बोरोसिलिकेट काच आणि सिलिकॉन एकत्र तापवून त्यांना शेकडो व्होल्टचा दाब देतात. काचेतील सोडियमचे आयन सांध्यापासून दूर सरकतात, विद्युत आकर्षणाने दोन्ही पृष्ठभाग घट्ट भिडतात आणि काच न वितळता रासायनिक बंध तयार होतो. दोन्ही पदार्थ उष्णतेने जवळजवळ सारखेच प्रसरण पावत असल्यामुळे थंड होताना सांधा तडकत नाही.

बाझेलमधील आंद्रेआस मान्झ यांनी 1990 मध्ये संपूर्ण पृथक्करण एका चिपवर आणण्याची कल्पना मांडली. त्यानंतर उच्च विद्युतदाबाने रेणू वेगळे करण्याचे काम पुढे आले, आणि वीज वाहून नेणाऱ्या सिलिकॉनपेक्षा काच त्याला अधिक योग्य ठरली.

पण काचेला काच जोडणे कटकटीचेच होते. त्यातून खरी सुटका 1998 मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने केली. पीडीएमएस नावाचे पारदर्शक सिलिकोन रबर साच्यावर ओतून, ते आणि काच क्षणभर ऑक्सिजनच्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित वायूत, धरले की दोन्ही पृष्ठभाग नुसत्या स्पर्शाने कायमचे जुळतात. एका दिवसात नवी चिप हाती येऊ लागली. प्रयोगशाळांना याहून मोठी देणगी क्वचितच मिळाली असेल. 2000 मध्ये स्टीफन क्वेक यांच्या गटाने रबराच्या दोन थरांत घटकांचे प्रमाण मुद्दाम वेगवेगळे ठेवले. एका थरात उरलेला घटक दुसऱ्यातील उरलेल्या घटकाशी तापवल्यावर संयोग पावला, आणि एकसंध झालेल्या त्या रबरातून हवेच्या दाबाने मिटणाऱ्या झडपा साकारल्या.

मात्र हेच रबर सेंद्रिय द्रावकांत फुगते आणि पाण्यापासून दूर राहणारे लहान रेणू शोषून घेते, म्हणून औषधांच्या चाचणीत ते धोक्याचे आहे. कारखान्यांनी साच्यात दाबून घडवता येणारे प्लास्टिक निवडले. पण त्या प्लास्टिकला रबराच्या झडपा जोडायच्या तर काचेला जोडणारी प्लाझ्माची युक्ती एकटी पुरत नाही, त्यासाठी प्लास्टिकवर आधी सिलेन या रसायनाचा पातळ थर चढवावा लागतो. सिलिकॉनला काच जोडताना मात्र 1969 ची पद्धत आजही वापरली जाते.