सिक्वोयाची अक्षरे आणि चेरोकी भाषेचे भवितव्य

भाषेच्या जतनाची चर्चा निघाली की पहिली सूचना बहुधा लिपीची येते. ज्या बोलीला लिपी नाही तिला लिपी द्यावी, शब्दकोश करावा, वाचनपुस्तके छापावीत, म्हणजे ती टिकेल, असा समज सुशिक्षित वर्गात रूढ आहे. तो तपासून पाहण्यासाठी उत्तर अमेरिकेतील चेरोकी भाषेच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण आम्हांला दुसरे दिसत नाही. या भाषेला लिपी मिळाली, आणि तीही तिच्याच एका भाषकाकडून. साक्षरता मिळाली, छापखाना मिळाला, वृत्तपत्र मिळाले. तरीही आज ती अस्खलितपणे बोलणारे सुमारे दोन हजार लोक उरले आहेत.

सिक्वोया हा चांदीकाम करणारा कारागीर. त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. गोरे लोक कागदावरील खुणांच्या आधारे दूरच्या माणसाशी बोलतात एवढे त्याने पाहिले होते, आणि यात जादू नसून युक्ती आहे, अशी त्याची खात्री झाली होती. १८०९च्या सुमारास तो कामाला लागला. आधी त्याने प्रत्येक शब्दाला एक चिन्ह देऊन पाहिले. शब्दांना अंत नाही हे ध्यानी आल्यावर तो शब्दांतील उच्चारांच्या तुकड्यांकडे वळला. १८२१च्या सुमारास ८६ चिन्हांची लिपी सिद्ध झाली. पुढे एक चिन्ह गळून ८५ उरली. ही लिपी प्रथम शिकली ती त्याची लहान मुलगी अयोका. बापलेकींना एकमेकांपासून दूर ठेवून, एकाला मजकूर सांगून दुसऱ्याकडून तो वाचवून घेतल्यावरच लोकांचा विश्वास बसला, असे सांगतात.

मराठी वाचकाला या लिपीचे तत्त्व चटकन उमगेल, कारण तिचे एकक आपले 'अक्षर'च आहे. फरक असा की देवनागरीत 'कि' आणि 'कु' यांत मूळ 'क' डोळ्यांना दिसतो. चेरोकीत प्रत्येक अक्षराचे चिन्ह स्वतंत्र. त्यांतील कित्येक आकार रोमन अक्षरांसारखे आहेत, पण उच्चाराशी त्यांचा संबंध नाही: 'डब्ल्यू'सारखे चिन्ह 'ला' वाचायचे, तर 'एच'सारखे 'मी'. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. चेरोकीत स्वराची लांबी आणि उच्चाराचा चढउतार यांनी अर्थ बदलतो, पण लिपी या दोहोंची नोंद करीत नाही. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे, तरी मराठी जाणणारा मोडी कागद बिनचूक वाची, तसाच हा प्रकार. ही लिपी भाषा येणाऱ्यांसाठीच घडली होती.

म्हणूनच ती विलक्षण वेगाने पसरली. शाळेची गरज पडली नाही. एकाने दुसऱ्याला घरीच शिकवले. १८२५मध्ये चेरोकी राष्ट्राने तिला मान्यता दिली. बोस्टनमध्ये खिळे ओतवून घेतले गेले आणि २१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातील न्यू एकोटा या राजधानीत 'चेरोकी फीनिक्स'चा पहिला अंक निघाला. संपादक होते एलायस बूडिनॉट. मजकूर काही इंग्रजीत, काही चेरोकीत. येथे आपल्याला 'दर्पण' आठवणे अपरिहार्य आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ते पत्र ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, तेही इंग्रजी आणि मराठी अशा दोन स्तंभांत. अवघ्या चार वर्षांच्या अंतराने, परकी सत्तेच्या छायेत, दोन समाज आपापल्या भाषेत छापील बोलू लागले होते. २०११च्या जनगणनेत मराठीचे भाषक आठ कोटींहून अधिक नोंदले गेले. मग वाटा कुठे फुटल्या?

मराठी भाषक आपल्या भूमीवर राहिले. कंपनी सरकारला महसुलासाठी आणि न्यायदानासाठी मराठी लागत होती. मोल्सवर्थचा कोश १८३१मध्ये सरकारी आश्रयानेच निघाला, आणि गावोगावच्या शाळा मराठीत चालल्या. चेरोकींच्या वाट्याला याच्या नेमके उलट आले. जॉर्जिया राज्याला त्यांची भाषा नको होती, जमीन हवी होती. १८३०मध्ये आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा संमत झाला. १८३२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला. तो अमलात आला नाही. स्थलांतराच्या प्रश्नावर खुली चर्चा छापू दिली जात नाही म्हणून बूडिनॉट यांनी संपादकपद सोडले. १८३४मध्ये पत्र बंद पडले आणि पुढच्या वर्षी जॉर्जियाच्या शिपायांनी छापखाना ताब्यात घेतला. १८३८-३९मध्ये सुमारे सोळा हजार माणसांना सक्तीने पश्चिमेकडे नेले गेले. त्यांतील सुमारे चार हजार दगावली, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो.

एवढे होऊनही भाषा मेली नाही, हे विसरता कामा नये. आजच्या ओक्लाहोमातील तालेक्वा येथे चेरोकींनी पुन्हा राजधानी वसवली, सार्वजनिक शाळा काढल्या, १८४४मध्ये 'चेरोकी ॲडव्होकेट' हे द्विभाषी पत्र सुरू केले. वैदूंनी मंत्र आणि औषधोपचार वह्यांत उतरवले. मात्र १८५१मध्ये उघडलेल्या त्यांच्याच उच्च विद्यालयांत शिक्षण इंग्रजीतून दिले जात होते. प्रतिष्ठेची भाषा कोणती, हे तेथील वरिष्ठ वर्गानेही ठरवून टाकले होते. पुढचा घाव सरकारने घातला. १८९८च्या कायद्याने न्यायालये बरखास्त झाली आणि शाळा अमेरिकन सरकारच्या नियंत्रणाखाली गेल्या. १९०६मध्ये 'ॲडव्होकेट' थांबले. १९०७मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले. ज्या शाळांत मातृभाषेचा शब्द तोंडून निघताच शिक्षा होई, त्यांत शिकलेल्या मुलांनी आईबाप झाल्यावर आपल्या लेकरांशी चेरोकी बोलणे टाळले. लिपी कोणी हिरावून घेतली नव्हती. ती वाचायला लागणारा कान मात्र पिढीगणिक कमी होत गेला.

जेम्स मूनी या मानववंशशास्त्रज्ञाने १८८७नंतर नॉर्थ कॅरोलिनातील चेरोकींकडून वैदूंच्या वह्या मिळवल्या आणि त्यांतील मंत्रांचा संग्रह १८९१मध्ये प्रसिद्ध केला. वह्या जतन झाल्या. पण उच्चाराचा चढउतार कागदावर नाही, तो बोलणाऱ्याच्या गळ्यात आहे. बोलणारा गेला की वही उरते आणि मजकूर मुका होतो.

अलीकडचे प्रयत्न या जाणिवेतून निघालेले दिसतात. १९७५मध्ये डर्बिन फीलिंग यांचा शब्दकोश आला. १९९९मध्ये लिपी युनिकोडमध्ये आणि २०१०मध्ये आयफोनवर पोचली. परंतु २००१मध्ये तालेक्वात जी शाळा निघाली तिथे भर बोलण्यावर आहे: लहान मुलांभोवती दिवसभर चेरोकीच. २०१४पासून प्रौढांना मानधन देऊन दोन वर्षे वृद्ध भाषकांच्या सहवासात बसवले जाते. २०१९मध्ये तिन्ही चेरोकी शासनांनी भाषेबाबत आणीबाणी जाहीर केली. अस्खलित भाषकांत बहुतेक वृद्ध आहेत. दरवर्षीचे मृत्यू नव्या भाषकांपेक्षा अधिक. शर्यत काळाशी आहे.

आपण मराठीच्या भवितव्याची चिंता हक्काने करतो. पण मराठीच्या राज्यात आपण ओक्लाहोमाच्या जागीही असतो, हे क्वचितच मनात येते. गोंडीचे भाषक २०११मध्ये २९ लाखांहून अधिक होते. तिच्यासाठी लिप्याही घडल्या आहेत, आठव्या अनुसूचीत मात्र तिला स्थान नाही. गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२मध्ये शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. सिक्वोयाच्या अक्षरांचा इतिहास वाचल्यावर अशा शाळेकडे निव्वळ नियमाचा प्रश्न म्हणून पाहणे कठीण होते. लिपी एक माणूस घडवू शकतो. ती त्याने बारा वर्षांत घडवली. भाषा टिकायची तर मुलांना ती बोलत वाढता आले पाहिजे, आणि तेवढी मुभा द्यायची की नाही, हे बहुधा दुसऱ्याच भाषेत ठरत असते.