मशेरीचा तवा आणि मुलांचे दात

१/ कोल्हापुराहून बेळगावकडे जाताना वाटेत निपाणी लागते. तंबाखूची ही जुनी बाजारपेठ. आपल्या भागातील लहान मुलांच्या दातांचा इतिहास लिहायचा, तर सुरुवात दवाखान्यापासून नव्हे, या तंबाखूपासून करावी लागते.

२/ तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती पूड बोटाने दातांवर फिरवायची, हीच मशेरी. महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांचा दिवस तिनेच सुरू होत आला आहे. दात घासणे आणि तलफ भागवणे, दोन्ही एकाच बोटाने. शेजारी बसलेले मूल तेच पाहत वाढे.

३/ ही चाल अनादि मात्र नव्हे. तंबाखू भारतात आली ती पोर्तुगिजांबरोबर. त्याच्या कितीतरी आधीच्या चरकसंहितेत दातवणासाठी करंज, रुई, अर्जुन अशा झाडांच्या काड्या सुचवल्या आहेत, आणि दात दिवसातून दोन वेळा घासण्यास सांगितले आहे.

४/ १९९२ मध्ये केंद्र सरकारने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी घातली. बाजारातील डबीला कायदा लागू झाला. घरच्या तव्यापर्यंत तो पोहोचणे शक्य नव्हते.

५/ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. दातांची कीडही या तपासणीत येते. परंतु कीड शोधणे वेगळे आणि ती टाळणे वेगळे. शाळेतील तपासणीच्या वेळी आईवडील बहुधा समोर नसतात.

६/ दंतवैद्य सांगतात : पहिला दात दिसताच ब्रश सुरू करावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरे. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मोठ्यांनी हात लावावा. रात्रीचे घासणे चुकवू नये. हे पत्रके वाटून साधत नाही. आईच्या, आजीच्या हाती ब्रश देऊन तो कसा फिरवायचा, हे करून दाखवावे लागते. मशेरी लावणाऱ्या बाईला दरडावले, तर ती पुन्हा येणार नाही. आपल्या जिल्ह्यात न्यू पारगावला दंतमहाविद्यालय आहे; म्हणजे शिकवणारे हात दूर नाहीत.

७/ मशेरी कोणत्याही शाळेने शिकवली नाही. ती आईशेजारी बसून शिकली गेली. ब्रशही तसाच शिकला जाईल. म्हणून दंतपथकाचा पहिला विद्यार्थी मूल नव्हे, पालक असायला हवा.